हेड गॅस्केट बदललं, पण जुनी मारुती ८०० चालूच होईना. शोध कुठून सुरू करू?

अजिंक्यतारा

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी मारुती ८००, १९९७ ची, कार्बोरेटरवाली. नवीन घेतली तेव्हापासून आमच्याच घरात आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढताना गरम झाली, पाणी उकळून बाहेर आलं. टोचन करून गॅरेजला आणली. मेकॅनिकने हेड उतरवलं तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी जळालेली. हेड लेथवर नेऊन फेस मारून (तळ सपाट करून) आणलं, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग केलं, व्हॉल्व्ह सील बदलले, टायमिंग बेल्टही नवा टाकला.

सगळं जोडलं आणि तेव्हापासून गाडी चालू होत नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरतं (थोडं जडच), पण पकडत नाही. मधूनच कार्बोरेटरमधून फट्ट करून आवाज येतो. प्लग काढले की पेट्रोलने ओले.

आतापर्यंत केलेले उपाय: नवे प्लग, दुसऱ्या गाडीची कॉइल लावून पाहिली, प्लगच्या वायरी उलटसुलट करून पाहिल्या, उतारावर धक्का मारला. आता मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर गेला, दुसरा टाका. मला ते पटत नाही. घाटात गरम होईपर्यंत ही गाडी रोज सकाळी अर्ध्या चोकवर पहिल्या सेल्फला चालू होत होती. हेड उतरवल्याने कार्बोरेटर कसा बिघडेल?

पैशांपेक्षा मला भीती आहे ती अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाण्याची. नेमकं कारण शोधायचा क्रम सांगा.

वारणेचा_वाघ

भावा, आधी साताऱ्याचे कंदी पेढे कबूल कर, मग गाडी चालू करून देतो. 😄

जरा कामाचं विचारतो. सेल्फ जड फिरतो म्हणालास. पाच-सात सेकंद सेल्फ मार आणि लगेच चोकच्या केबलला हात लावून बघ. गरम लागते का?

मृणाल_कोथरूड

माझ्याकडे अजून ८०० आहे, रोजच्या वापरात. निदान पुढचे लोक सांगतीलच, आधी एक विनंती. कार्बोरेटरमधून फट्ट येत असेल तर एअर फिल्टरचं झाकण उघडं ठेवून, वरून वाकून बघत सेल्फ मारू नका. तो आवाज म्हणजे ज्वाळ उलटी येणं असतं आणि तुमच्या इंजिनभोवती आत्ता भरपूर पेट्रोल आहे. फिल्टर बसवूनच सेल्फ मारा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. आमच्या सोसायटीत एका काकांच्या भुवया जळाल्या आहेत, थोडक्यात वाचले.

नागपुरी_संत्रं

काऊन एवढा जीव लावून बसले भाऊ? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पुनर्नोंदणी, त्यात एप्रिल २०२२ पासून ६०० ची फी ५,००० झाली, आणि २० वर्षांवरच्या गाडीला आता १०,०००. वर पर्यावरण कर. स्क्रॅपला द्या, मोकळे व्हा.

मृणाल_कोथरूड

@नागपुरी_संत्रं, प्रश्न गाडी चालू कशी करायची हा आहे, ठेवावी का हा नाही. आणि हिशेबच करायचा तर पूर्ण करा. पाच वर्षांचे दहा हजार म्हणजे वर्षाला दोन हजार. नव्या गाडीचा एक हप्ता याहून मोठा असतो. आमची गाडी फिटनेसला दरवेळी नीट पास होते, धूर नाही, गळती नाही. चांगली राखलेली गाडी नुसत्या वयामुळे का मोडायची?

पाना_पक्कड

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला निदेशक होतो, आता निवृत्त आहे. पोरांना पहिल्या दिवसापासून सांगायचो ते इथेही सांगतो. दुरुस्तीनंतर गाडी बंद पडली तर ज्या ज्या ठिकाणी हात लागला त्याच ठिकाणी आधी बघायचं. दुरुस्तीआधी चालणारी आणि दुरुस्तीत न उघडलेली वस्तू गॅरेजमध्ये उभ्या उभ्या बिघडत नाही असं नाही, पण तिचा नंबर शेवटी.

हेडच्या कामात कशाकशाला हात लागतो? बॅटरीची केबल, इंजिनचं अर्थिंग, कार्बोरेटर आणि त्याचे व्हॅक्यूम पाइप, एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा), सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, टायमिंग बेल्ट, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग, त्यांची फट सेट करावी लागते). आणि ८०० मध्ये डेलको (डिस्ट्रिब्यूटर, प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा) हेडच्याच मागच्या टोकाला कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो, म्हणून हेड लेथला जाताना तोही उतरतो. उत्तर या यादीतच असणार.

आता क्रम.

करंट: प्लग वायरला लावून, प्लगचं अंग इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून सेल्फ मारायचा. ठिणगी निळी आणि कडक आवाजाची हवी, पिवळट असेल तर कमजोर. ही चाचणी प्लगच्या भोकापासून लांब आणि पेट्रोल सांडलेलं पुसूनच करा. वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, कॉइल किंवा इग्निशन मोड्यूल त्यानेच मरतं.

पेट्रोल: प्लग ओले आहेत म्हणजे पोचतंय. एसी पंपावर शंका नको.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब): गेज मिळवा. तिन्ही प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. तिन्ही आकडे लिहून इथे टाका.

तिन्ही ठीक निघाले तर उरतं ते एकच: ठिणगी योग्य वेळी पडते का?

रसायनी

एक शंका. गाडी गॅरेजात किती दिवस उभी आहे? टाकीत इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल असेल तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जास्त पाणी शोषलं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि पाइप तळातूनच ओढतो. शिवाय १९९७ च्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा या इंधनासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात.

अजिंक्यतारा

सगळ्यांचे आभार. मेकॅनिकला भेटून आलो.

@वारणेचा_वाघ, चोकची केबल खरंच गरम झाली! हात ठेवता येईना. याचा अर्थ काय?

@रसायनी, गाडी दीड महिना उभी आहे.

@पाना_पक्कड सर, तिन्ही प्लगला करंट निळा आहे. गेज गॅरेजमध्ये नाही, पोवई नाक्याजवळ एकाकडे आहे असं कळलं, उद्या आणतो.

वारणेचा_वाघ

मग तुझं अर्थिंग सुटलंय भावा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जी जाड वेणी किंवा केबल असते ती परत लावली नसेल किंवा रंगावर, ग्रीसवर कसली असेल. मग सेल्फचा शे-दीडशे अँपिअर करंट परत जायला वाट शोधतो, आणि त्याला चोकची नाहीतर अॅक्सिलरेटरची केबल सापडते. म्हणून ती तापते. तशीच चालवत राहिलास तर केबल आतून वितळून अडकते, आणि अॅक्सिलरेटरची अडकली तर रस्त्यावर जिवाशी खेळ.

मल्टीमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मार. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. जास्त आलं तर वेणी काढ, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत कर, मगच कस.

पाना_पक्कड

वारणेच्या वाघांनी अगदी नेमकं सांगितलं. हे आधी करा. पण एवढ्याने गाडी चालू होईल असं धरून चालू नका. अर्थिंग खराब असतानाही ठिणगी निळी पडते आहे आणि इंजिन फिरतं आहे. मग फट्ट आवाजाचं कारण वेगळं असावं.

रसायनी यांची शंका पुसून टाकायला सोपी आहे. टाकीचा पाइप सोडवा, बाटलीत ताजं पेट्रोल घेऊन पंपाला तिथून ओढू द्या. बाटली बॅटरी आणि सायलेन्सरपासून लांब बांधा.

म्हापसेकार

आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं. खारी हवा आणि दमट. अर्थिंगच्या वेणीवर हिरवा गंज चढतो आणि डेलकोच्या कॅपमध्ये आतून बाष्प धरतं. कॅप काढून कोरड्या कापडाने पुसा, आत बारीक काळी रेघ दिसते का ते उजेडात धरून बघा. रेघ म्हणजे तडा, तिथून करंट दुसऱ्याच टोकाला उडी मारतो.

काळीपिवळी

आमच्या घरात दोन पिढ्या टॅक्सी. आजोबा आणि वडील दोघांनी पद्मिनी चालवली, ताडदेव आरटीओची पासिंग. शेवटची पद्मिनी टॅक्सी तिथेच २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

पद्मिनीत गरम झाल्यावर पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढायचा थांबायचा. बोरघाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले टॅक्सीवाले ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल. इथे ते कारण नाही, थंड इंजिनलाच चालू होत नाहीये.

पण एक सांगतो. पद्मिनीचा डेलको काढून परत बसवताना उलटा बसला, की अगदी असंच व्हायचं: करंट आहे, पेट्रोल आहे, तोंडातून फट्ट. वडील तेव्हा डेलको परत काढायचेच नाहीत. कॅपवरच्या १ आणि ४ च्या वायरी आपसांत, २ आणि ३ च्या आपसांत बदलायचे, आणि गाडी सुरू. अजिंक्यतारा, तुमच्या मेकॅनिकने वायरी बदलून पाहिल्या म्हणता. सगळ्या जोड्या करून पाहिल्या का?

अजिंक्यतारा

हो, तीनच वायरी आहेत, त्यामुळे सगळ्या शक्यता करून झाल्या म्हणतो तो. म्हणूनच डेलको बरोबर आहे असं त्याचं ठाम मत आहे.

अर्थिंगचं सांगतो. मीटरवर सेल्फ मारताना पावणेदोन व्होल्ट आले! वेणी गिअरबॉक्सच्या बोल्टखाली न लावता नुसती मागे लोंबत होती. घासून कसली. आता पाव व्होल्ट. सेल्फ जोरात फिरतो, केबल थंड. पण गाडी चालू नाही. बाटलीतल्या ताज्या पेट्रोलवरही तेच.

कॉम्प्रेशन: १५५, १६०, १५५ पीएसआय.

अभि_नाशिक

टायमिंग बेल्ट एक दात चुकला असणार. नवा बेल्ट आहे ना? कव्हर काढा, कॅमच्या पुलीची खूण आणि क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) खूण जुळवून बघा.

अजिंक्यतारा

@अभि_नाशिक, कव्हर काढून पाहिलं. दोन्ही खुणा तंतोतंत जुळतात. हाताने क्रँक दोन फेरे फिरवून परत बघितलं, तरी जुळतात.

शारजातला_सावंत

धागा वाचतोय, मजा येतेय. एक माहिती. तुमच्या गाडीचं एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हेच इंजिन पाकिस्तानात सुझुकी मेहरान या गाडीत २०१९ पर्यंत येत होतं. इथे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एक उस्ताद आहेत कराचीचे. मी त्यांना तुमचा प्रश्न सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, म्हणाले, "पहले डेलको का ढक्कन खोलो, रोटर का मुँह देखो." बेल्टच्या खुणा जुळल्या म्हणजे रोटर (डेलकोच्या आत फिरून एकेका वायरीला करंट देणारा तुकडा) बरोबर दिशेला आहे असं होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पाना_पक्कड

उस्तादांना माझा सलाम सांगा. आता आकडे आल्यावर मलाही दुसरं काही दिसत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण वायरी बदलून डेलको सिद्ध होतो हा समज चार सिलिंडरच्या गाड्यांवरून आला आहे आणि तीन सिलिंडरला तो लागू पडत नाही.

आधी कॉम्प्रेशन. तिन्ही सारखे आणि भरपूर. म्हणजे गॅस्केट बसलं, व्हॉल्व्ह बसले, टॅपेट फार घट्ट नाहीत. (सीट कापून व्हॉल्व्ह ग्राइंड केले की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो, त्याची दांडी वर येते आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणून हेडच्या कामानंतर टॅपेट पुन्हा सेट केलेच पाहिजेत. ते झालेलं दिसतं.) बेल्टच्या खुणाही जुळल्या. यांत्रिक बाजू साफ.

आता वेळ. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम आणि डेलको एक फेरा घेतात. म्हणजे पिस्टन वर येणं दर दोन फेऱ्यांत दोनदा होतं: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा जळका धूर बाहेर टाकताना. क्रँकची खूण या दोन्ही वेळी जुळते. तुमच्या मेकॅनिकने खूण जुळवून रोटर एक नंबरकडे करून डेलको खाली सोडला असणार, पण त्या वेळी एक नंबर धुराच्या फेऱ्यावर असेल तर डेलको बरोबर अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश उलटा बसतो. मग ठिणगी पडते तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. ताजं मिश्रण तिथेच पेटून कार्बोरेटरमधून उलटं येतं, तोच तुमचा फट्ट.

आता वायरींचं. पद्मिनीत चार सिलिंडर, डेलकोच्या एका फेऱ्यात चार ठिणग्या, म्हणजे दर ९० अंशांवर एक. १८० अंश म्हणजे बरोबर दोन घरं. डेलको उलटा असला तरी ठिणगी कुठल्या तरी सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवरच पडते, फक्त चुकीच्या वायरीत जाते. म्हणून काळीपिवळी यांच्या वडिलांची युक्ती चालायची.

८०० मध्ये तीन सिलिंडर. ठिणग्या दर १२० अंशांवर. १८० म्हणजे दीड घर! ठिणगी नेहमी दोन कॉम्प्रेशनच्या बरोबर मधोमध पडते. तीन वायरींच्या सहाही जोड्या करा, एकही जमणार नाही, कारण चूक वायरीत नाहीच. डेलकोची बॉडी फिरवूनही भागत नाही, बोल्टच्या खाचेत तेवढी जागा नसते. डेलको उचलून, रोटर फिरवून परत बसवणं हाच मार्ग.

खात्री अशी करा:

एक नंबरचा प्लग काढा. गिअर न्यूट्रल, चावी बंद. भोकावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्याला पान्याने क्रँकचा बोल्ट इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हळू फिरवायला सांगा. हवा अंगठ्याला ढकलायला लागली की कॉम्प्रेशनचा फेरा. तसंच पुढे नेत खूण जुळवा. आता डेलकोची कॅप उघडा. रोटरचं टोक एक नंबरच्या वायरीच्या घराकडे हवं. ते विरुद्ध बाजूला दिसलं तर निकाल लागला.

बसवताना एक लक्षात ठेवा, डेलकोचे दाते तिरपे असतात. खाली सोडताना रोटर थोडा फिरतो. म्हणून तेवढा मागे धरून सोडायचा, म्हणजे बसल्यावर नेमका एक नंबरवर येतो. क्रम १-३-२, रोटर फिरतो त्या दिशेने. ती दिशा कॅप काढून क्रँक फिरवताना डोळ्यांनी बघून घ्या.

काळीपिवळी

सर, दंडवत. दीड घराचं हे गणित आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मास्तर पक्का आहे."

नागपुरी_संत्रं

हे मात्र आवडलं. वाचनखूण साठवली.

अभि_नाशिक

सर, बेल्टच्या खुणा जुळवल्या की एक नंबर आपोआप कॉम्प्रेशनवर येत नाही का? सगळीकडे तसंच शिकवतात.

पाना_पक्कड

सगळ्या इंजिनांत नाही. सुझुकीच्याच काही इंजिनांत कॅमची खूण जुळते तेव्हा एक नंबर धुराच्या फेऱ्यावर असतो. म्हणून पुस्तक हाताशी नसेल तर अंगठा. अंगठ्याला मॉडेल विचारावं लागत नाही.

मृणाल_कोथरूड

अजिंक्यतारा, आणखी एक. इतके दिवस ओले प्लग म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरलं असणार. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर दिसली तर चालू करण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ ऑइलवर नुकतं केलेलं काम खराब होईल.

आणि मेकॅनिकशी भांडू नका हो. आमच्या मेकॅनिकने एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी पद्धत) आल्यानंतर धंदा सुरू केला, डेलको त्याने फारसे पाहिलेच नाहीत. त्याला मी जुनं मॅन्युअल झेरॉक्स करून दिलं, आता कार्बोरेटरच्या गाड्या लोक लांबून त्याच्याकडे आणतात.

अजिंक्यतारा

मंडळी, चालू झाली!!

सर म्हणाले तसंच केलं. मेकॅनिकला आधी धाग्यातला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. तो शांतपणे दोनदा वाचून म्हणाला, "अंगठा मी लावतो, पाना तुम्ही फिरवा." हवा आली, खूण जुळवली, कॅप उघडली. रोटर बरोबर विरुद्ध दिशेला. डेलको उचलून फिरवला, पहिल्या वेळी एक दात पुढे बसला, पुन्हा उचलून नीट बसवला. ताईंच्या सल्ल्याने ऑइल बदललं (पेट्रोलचा भपका येत होता). प्लग वाळवले. अर्धा चोक, दोन सेकंद सेल्फ, आणि इंजिन पकडलं. टायमिंग लाइट लावून बॉडी फिरवून टायमिंगही जुळवलं.

कार्बोरेटर तोच. एक स्क्रूही हलवला नाही.

मेकॅनिकने डेलको बसवण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्या वेळी डेलको काढण्याआधी रोटरची आणि बॉडीची खूण पंच करून ठेवणार म्हणाला.

वारणेचा_वाघ

वा रं पठ्ठ्या! पेढे कुरिअरने पाठवले तरी चालतील. सरांना अर्धा किलो जास्त.

शारजातला_सावंत

उस्तादांना कळवलं. खूश झाले. दोन चहा झाले त्यावर.

म्हापसेकार

अभिनंदन! पण मुळात गाडी गरम का झाली याचं काय झालं? गॅस्केट कशाने तरी जळालं. ते कारण अजून गाडीतच असेल तर नवीन गॅस्केटही जाणार.

पाना_पक्कड

म्हापसेकारांचा प्रश्न लाखमोलाचा. मला तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा असं वाटत होतं, पण आधी इंजिन चालू होणं गरजेचं. ८०० चा रेडिएटर पंखा विजेवर चालतो, पाण्याचं तापमान वाढलं की थर्मो स्विच तो चालू करतो. गाडी उभी करून चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. काटा मध्याच्या वर सरकला तरी पंखा लागत नसेल तर लगेच बंद करा. मग स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा, चावी चालू. पंखा फिरला तर स्विच मेला, नाही फिरला तर फ्यूज किंवा मोटर. पंखा ठीक असेल तर थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची जाळी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेलं असेल तर आत क्षार साचून नळ्या बंद झालेल्या असतात. आता कूलंटच घाला, तेही पाण्यात योग्य प्रमाणात.

अजिंक्यतारा

सर, पंखा लागत नव्हता. स्विचच्या वायरी जोडल्या तर लगेच फिरला. नवा स्विच टाकला, कूलंट भरलं. आता काटा मध्यावर गेला की पंखा लागतो, थोड्या वेळाने बंद होतो. रेडिएटर खोलून साफ करायला दिला होता, त्यातून तांबडा गाळ निघाला. बोअरचंच पाणी घालत होतो आम्ही.

आता हळूहळू साताऱ्यातल्या साताऱ्यात चालवतोय. हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे का?

पाना_पक्कड

गॅस्केटच्या पाकिटावर आणि मॅन्युअलमध्ये काय दिलंय ते बघा, त्यावर जा. कसायचेच असतील तर इंजिन पूर्ण थंड असताना, टॉर्क पान्याने, मधून बाहेर या क्रमाने. अंदाजाने पाना दाबू नका, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. टॅपेटची फट मात्र काही दिवसांनी पुन्हा तपासा. आणि आठवडाभर रोज सकाळी कूलंटची पातळी बघा, डिपस्टिकवर दुधी फेस दिसतो का तेही.

सांगलीची_ओम्नी

नमस्कार, उशिरा आले धाग्यावर. माझी ओम्नी १९९९ ची, हेच इंजिन. तिचाही डेलको काढायचा आहे, ऑइल गळतंय त्याच्या बुडातून. ओ-रिंग बदलायला पूर्ण डेलको काढावाच लागेल ना? मग अशी अडचण येऊ नये म्हणून काय करू?

पाना_पक्कड

हो, काढावाच लागेल. पुढची सीट उचलली की इंजिन हाताशी येतं. कॅप काढा, प्लगच्या वायरींना नंबरच्या चिकटपट्ट्या लावा. रोटरचं टोक जिथे आहे तिथे बॉडीच्या काठावर मार्करने रेघ, आणि बॉडी जिथे बसते तिथे बॉडी आणि हेड दोन्हींवर मिळून एक रेघ. मोबाइलवर फोटो काढा. मग डेलको वर उचला आणि रोटर किती फिरून थांबला तिथे दुसरी रेघ मारा. बसवताना दुसऱ्या रेघेपासून सुरू करायचं, खाली गेल्यावर पहिल्या रेघेवर आलं पाहिजे. डेलको बाहेर असताना कुणालाही सेल्फ मारू देऊ नका, बॅटरीचा निगेटिव्ह काढूनच ठेवा.

सांगलीची_ओम्नी

रविवारी करते. ओ-रिंगचं माप डेलको घेऊनच दुकानात जाऊन जुळवते.

वारणेचा_वाघ

ताई, गणपती पेठेत जा, ऑइल सीलवाल्याकडे. साधी काळी नको, ऑइल आणि उष्णता सोसणारी मागा. बसवताना ओ-रिंगला थोडं इंजिन ऑइल लावा, नाहीतर कडेला चिरते.